उन्हाळ्यात गळ कोरडा राहतो तेव्हा

चैत्र लागला की माझ्याकडे एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी येऊ लागते. माघापर्यंत हमखास मासा देणारी जागा एप्रिलमध्ये एकदम थंडावते. काठी तीच, आमिष तेच, खडकही तोच, आणि तरीही माणूस पहाटे चारला कोथरूडहून निघून दुपारी रिकामी पिशवी घेऊन परत येतो. पवना, मुळशी, भाटघर आणि उजनीच्या फुगवट्यावर गेली अठरा वर्षे गळ टाकताना हा बिघाड मी स्वतःच्या बाबतीत अनेकदा आणि इतरांच्या बाबतीत त्याहून अधिक वेळा दुरुस्त केला आहे. बहुतेक वेळा मासा कुठेही गेलेला नसतो. त्याची वेळ आणि त्याची खोली बदललेली असते, आणि आपण मात्र हिवाळ्यातल्या जागी, हिवाळ्यातल्या खोलीवर आमिष सोडून बसलेलो असतो.

लक्षणे आधी ओळखावीत

"मासा लागत नाही" या एका वाक्यात निदान पाच वेगळे बिघाड दडलेले असतात, म्हणून आपल्याला नेमके काय होते आहे हे आधी ठरवावे. सकाळी साडेसातपर्यंत दोन-तीन ओढी येतात आणि त्यानंतर पाण्यावर तरंगणारे बूच दिवसभर जागचे हलत नाही, हे सर्वांत नेहमीचे लक्षण होय. दुसऱ्या प्रकारात बूच सारखे थरथरते, आमिष दर पाच मिनिटांनी संपते आणि गळ मात्र रिकामाच वर येतो. तिसऱ्यात मासे समोर पाठ दाखवत फिरतात, उड्याही मारतात, पण आमिषाला तोंड लावत नाहीत. चौथे लक्षण मरळीच्या मागे लागलेल्यांचे असते: ती रबरी बेडकावर तुटून पडते, पाणी उसळते आणि बेडूक मोकळाच परत येतो. पाचव्यात मासा लागतो, पण काठाला येण्याआधी तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तुटतो. याखेरीज एक सहावे लक्षण आहे, ज्यात पहाटे पाण्यावर शेकडो तोंडे उघडझाप करताना दिसतात. तो मासेमारीचा बिघाड नाही, आणि त्याच्याविषयी शेवटी लिहिले आहे.

एक गोष्ट घरून निघण्यापूर्वीच उरकावी. बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग मच्छीमार सहकारी संस्थांना देतो, त्यामुळे हौशी माणसाने त्या संस्थेच्या माणसांना विचारून, पावती असेल तर ती फाडून, मगच गळ टाकावा. पिण्याच्या पाण्याच्या धरणांवर आणि भिंतीच्या आसपास बऱ्याचदा मनाई असते. याचा एक आडफायदाही आहे. त्या काठावर जाळे लावणारा कोळी आठवडाभर मासा कोणत्या खोलीवर सापडतो आहे हे जाणून असतो, आणि त्याला नीट विचारले तर पुढच्या अर्ध्या तपासण्या वाचतात.

बासचे व्हिडिओ आणि आपली मरळ

हल्ली या तक्रारीत एक नवी भर पडली आहे. उन्हाळी मासेमारीचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतल्या बास माशावर बेतलेले असतात आणि ते पाहून आपली मुले मे महिन्यात उजनीवर जातात. बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा असून आपल्या धरणांत तो नाही. त्याच्यासारखी दबा धरून झडप घालणारी आपली मासळी म्हणजे मरळ, म्हणून साधने सारखी चालतात हे खरे आहे. रबरी बेडूक दोघांनाही फसवतो. मात्र उन्हाळ्यातला सल्ला सारखा चालत नाही. बास कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतो, त्यामुळे वरचे पाणी तापले की त्याला सावलीत किंवा खोलात शोधावे, असे ते व्हिडिओ सांगतात आणि त्या माशापुरते ते बरोबरच आहे. मरळ हवेत श्वास घेते. तिला ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येऊन हवा गिळावीच लागते, आणि जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर ती पाण्यात असूनही गुदमरून मरते. म्हणून भर मे महिन्यातही ती कमरेएवढ्या पाण्यात, जलपर्णीच्या कडेला किंवा बुडालेल्या बाभळीच्या सावलीत बसलेली असते. दहा मीटर खोलीवर तिच्यासाठी आमिष सोडणे व्यर्थ आहे. उलट रोहू, मृगळ आणि महाशीर यांच्या बाबतीत बासचा सल्ला बऱ्याच अंशी लागू पडतो. तेव्हा आपण कोणाच्या मागे आहोत हे ठरवल्याशिवाय पुढची एकही तपासणी करू नये.

घड्याळ आणि वारा

पहिली तपासणी फुकटची आहे. मेमध्ये पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. उजाडण्यापूर्वी अर्धा तास गळ पाण्यात असला पाहिजे आणि साडेआठनंतर त्या जागेकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. कारण सरळ आहे: २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात तो सुमारे ७.५ मिलिग्रॅमच मावतो, आणि हे आकडे समुद्रसपाटीचे असल्याने आपल्याकडे घाटावर ते आणखी थोडे खाली येतात. त्याच वेळी तापलेल्या पाण्यात माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढलेली असते. दुपारी तो भुकेला असला तरी धावपळ टाळतो.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो मी उशिरा शिकलो. हिरव्यागार, शेवाळलेल्या लहान तळ्यांत सूर्योदयाच्या आधीची वेळ सर्वांत वाईट असते, कारण रात्रभर ते शेवाळ प्राणवायू सोडत नाही, उलट वापरत राहते, आणि पहाटे त्याचा साठा तळाला गेलेला असतो. अशा तळ्यावर ऊन पडून तास-दीड तास झाल्यावर मासा तोंड लावू लागतो. मोठ्या धरणावर पहाटे चार वाजता निघणाऱ्या माणसाने गावच्या तळ्यावर जाताना न्याहारी करून निघाले तरी चालते.

वाऱ्याची तपासणीही फुकटचीच. उन्हाळ्यात दुपारनंतर आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो आणि तो पृष्ठभागावरचे किडे, शेवाळाचे कण आणि त्यांच्यामागे येणारी बारीक मासळी पूर्वेच्या काठाकडे ढकलतो. लाटा आपटल्याने तिथल्या पाण्यात हवाही मिसळते. तरीही बहुतेक मंडळी पश्चिम काठावर पाठीला वारा घेऊन बसतात, कारण तिथून गळ लांब जातो. संध्याकाळी पूर्व काठावर तोंडावर वारा आणि डोळ्यांत मावळतीचे ऊन घेऊन बसणे त्रासाचे आहे, पण "मासे दिसतात, खात नाहीत" ही तक्रार माझ्या अनुभवात याच एका बदलाने सर्वांत जास्त वेळा सुटली आहे. वळवाचे ढग दाटले तर मात्र काठी खाली ठेवून काठ सोडावा. कार्बनच्या काठीतून वीज वाहते आणि मोकळ्या काठावर आपणच सर्वांत उंच असतो.

पाणी उतरते आहे का?

गावाकडच्या माणसाला हे सांगावे लागत नाही, शहरातल्याला लागते. उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्यांना सोडायचे पाणी, सुटले की धरणाची पातळी दिवसागणिक खाली येते, आणि पाणी उतरू लागले की मासा काठच्या उथळ गवतातून निघून जुन्या नदीपात्राच्या दिशेने सरकतो, कारण उथळात अडकून पडण्याचा धोका त्याला कळतो. तपासणीसाठी एक काडी पुरते. पोहोचल्याबरोबर पाण्याच्या अगदी रेघेवर ती रोवावी. दोन तासांनी काडी कोरड्या चिखलात उभी असेल आणि तिच्यापुढे बोटभर किंवा चार बोटे रुंदीची ओली काळी पट्टी उघडी पडली असेल, तर पाणी उतरते आहे. मग काठालगत आमिष टाकणे सोडून, जिथे उतार एकदम खोल होतो त्या कडेवर ते टाकावे.

आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली पाणीसाठ्याची बातमीही वाचावी, पण ती समजून वाचावी. उजनीचा साठा "उणे" झाला असे वाचून एक ओळखीचे गृहस्थ तिकडे जाण्याचा बेत रद्द करत असत. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातला सुमारे ६३ टीएमसी हा मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पातळीखालचे पाणी, आहे. उणे म्हणजे त्या मृत साठ्यातले पाणी कमी होऊ लागले, एवढाच त्याचा अर्थ. पाणी पुष्कळ असते. फक्त मासा आक्रसलेल्या भीमेच्या पात्रात एकवटलेला असतो, म्हणजे शोधायला उलट सोपा असतो.

आमिष, गळ आणि तंगूस

सतत थरथरणारे बूच आणि रिकामा गळ ही बहुधा चिलापीची करामत असते. उन्हाळ्यात काठच्या कोमट पाण्यात लहान चिलापीचे थवे फिरतात आणि मऊ कणीक टोचून टोचून खातात. कणीक घट्ट मळून, उकडून घ्यावी, गोळा सुपारीएवढा मोठा करावा आणि तो काठापासून दूर टाकावा. शेंगदाण्याची पेंड घातलेले आमिष उन्हात तासाभरात आंबते. थोडा आंबूस वास रोहूला चालतो, पण बुरशीचा वास आला की ते फेकून द्यावे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, एवढे ध्यानात ठेवले तर समोर पाठ दाखवणारा मासा तळाशी ठेवलेल्या गोळ्याकडे का पाहत नाही, याचा उलगडा होतो. पाठ दाखवणारा बहुधा कटला असतो. त्याच्यासाठी बूच आणि गळ यांतील अंतर हातभर करून, पाण्यात विरघळत राहील असे भुसभुशीत आमिष लावावे.

गळाची धार नखावर तपासावी. टोक अंगठ्याच्या नखावर हलके टेकवून ओढले की धारदार गळ रुतून बसतो आणि बोथट घसरतो. घसरणारा गळ दगडावर घासत बसण्यापेक्षा बदलावा, कारण या सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त वस्तू तीच आहे.

तंगुसाच्या बाबतीत मी स्वतः मार खाल्ला आहे. एका वर्षी एप्रिलचा सबंध महिना माझे रीळ स्कूटरच्या डिकीत राहिले. मेमध्ये भाटघरला बऱ्यापैकी महाशीर लागला, त्याने पहिली धाव घेतली आणि कसलाही झटका न बसता काठी एकदम हलकी झाली. तुटलेले टोक पाहिले तर ते खडूसारखे पांढरट पडले होते आणि दोन बोटांत धरून वाकवले की कडक लागत होते. उष्णता आणि ऊन यांनी नायलॉन कमकुवत होते, आणि वरचे दहा-पंधरा हात सर्वांत आधी. म्हणून दर खेपेला वरचा हातभर तुकडा ओली गाठ मारून ताकदीने ओढून पाहावा. गाठ सहज तुटली तर तसा भाग कापत जावे, आणि तरीही तुटत राहिली तर सगळा तंगूस बदलावा. गाठ आवळताना थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी, कारण कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच कमजोर होते.

मरळ बेडूक सोडून जाते त्याची कारणे दोन. पहिले म्हणजे आपण घाई करतो. पाणी उसळताच काठी उचलली तर बेडूक तिच्या तोंडात पुरता गेलेलाच नसतो. दोरीला वजन जाणवेपर्यंत, म्हणजे मनात दोन अंक मोजेपर्यंत, थांबावे. दुसरे म्हणजे नव्या बेडकाचे रबर कडक असते आणि गळांची टोके त्याच्या अंगाला चिकटून असतात. बेडूक कोमट पाण्यात भिजवून चेपावा आणि पक्कडीने टोके किंचित बाहेर काढावीत. जागा शोधण्यासाठी मात्र डोळेच लागतात: जलपर्णीच्या फटीत एक गोल वलय उमटते, मध्ये दोन-चार बुडबुडे राहतात, आवाज जवळजवळ नसतोच. ती हवा घेऊन गेलेली मरळ असते. बेडूक वलयावर न टाकता चार हात पलीकडे टाकून त्या जागेवरून ओढत आणावा. त्या वलयाजवळ नारिंगी-तांबूस पिलांचा गोळा तरंगत असेल तर मात्र तिथून निघून जावे. आई-बाप पिलांची राखण करतात आणि ते गेले की पिले बाकीच्या माशांच्या पोटात जातात.

खोलीची तपासणी

इथवरचे सगळे करून झाल्यावरच ही तपासणी करावी, कारण तिला वेळ लागतो आणि उभा कडा किंवा कोळ्याची होडी लागते. ऊन लागून वरचे पाणी हलके होते आणि खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहते. अमेरिकेतल्या तळ्यांत या थरांमध्ये तापमानाचा मोठा फरक असतो, तसा आपल्याकडे सापडत नाही म्हणून कित्येक जण थर नाहीतच असे समजतात. हे चूक आहे. पाणी ४ वरून ५ अंशांवर जाताना त्याची घनता जेवढी बदलते, त्याच्या तिसाहून अधिक पटीने ती २९ वरून ३० वर जाताना बदलते. म्हणून आपल्या तापलेल्या धरणांत दोन-तीन अंशांचा फरकही थर टिकवायला पुरतो. थर टिकले की खालच्या पाण्याला हवा मिळत नाही, तळाचा पालापाचोळा कुजून उरलासुरला प्राणवायू संपवतो, आणि तळाशी ठेवलेले आमिष अशा जागी पडून राहते जिथे मासा श्वासच घेऊ शकत नाही.

यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा साधा तापमापक, झाकणाची प्लास्टिकची बरणी आणि दर मीटरला गाठ मारलेली दोरी एवढे पुरे. बरणीच्या झाकणाला दोन भोके पाडावीत, आत दगड आणि तापमापक ठेवावा, हव्या त्या खोलीवर दहा मिनिटे सोडून मग झपाट्याने वर ओढावी. आतले पाणी तेवढ्या वेळात फारसे बदलत नाही. दर मीटरचा आकडा लिहीत गेल्यावर जिथे तो एकदम खाली येतो, तिथे थर बदलतो. वर ३० आणि सात मीटरवर २७ आला, तर आमिष सहा मीटरच्या खाली सोडण्यात अर्थ नाही. आकड्याहूनही नाक अधिक खरे सांगते: गळाला बांधलेले शिशाचे वजन तळावरून वर आल्यावर त्याला लागलेला काळा गाळ नासक्या अंड्यासारखा घाण मारत असेल, तर तिथे प्राणवायू संपलेला आहे हे नक्की समजावे.

सगळ्याच धरणांत हे घडत नाही. जिथे तळाच्या दारांतून पुष्कळ पाणी जाते किंवा उथळ पसाऱ्यावर वारा घुसळण करतो, तिथे थर मोडतात. मुळशीसारख्या खोल जागी ते टिकण्याची शक्यता जास्त. वळवाच्या जोरदार सरीनंतर थर एकाएकी मिसळतात आणि एक-दोन दिवस कोणताच मासा तोंड लावत नाही. तेव्हा आमिष, गळ, जागा यांपैकी काहीही बदलू नये, फक्त घरी बसावे.

खोलवरून महाशीर लागला तर त्याला पाण्याबाहेर न काढता, हात ओले करून, गळ सोडवून जाऊ द्यावे. हा मासा शास्त्राच्या दृष्टीने पुणेकरच आहे: कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याचे वर्णन पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतल्या माशावरून केले. तापलेल्या पाण्यात दमछाक झालेला महाशीर सोडल्यावरही मरू शकतो, म्हणून भर मेमध्ये मी मुद्दाम त्याच्या मागे जात नाही.

कुठे थांबावे

गळ काट्यासकट मांसात रुतला आणि जागा डोळ्याजवळची, सांध्याजवळची किंवा मानेची असेल, तर तो ओढून काढू नये. तंगूस कापून, गळ हलणार नाही असा बांधून डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे. रिळातून करकर आवाज येत असेल तर तेलाचे दोन थेंब देऊन पाहावे. त्यानेही आवाज गेला नाही तर ते घरी न उघडता दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावे. उतरलेल्या धरणाच्या उघड्या गाळावर वरची पापडी वाळून भेगाळलेली दिसते, खाली मात्र तो मांडीभर ओला असतो. तिथे पाऊल टाकू नये आणि कोणी रुतले तर आपण आत न जाता ११२ वर फोन करावा. उन्हात सोबत्याचे बोलणे असंबद्ध होऊ लागले तर सावली, ओले फडके आणि १०८, याच क्रमाने आणि ताबडतोब.

राहिले ते सहावे लक्षण. पहाटे मासे पाण्यावर तोंडे काढून हवा ओढत असतील किंवा मेलेले तरंगत असतील, तर गळ गुंडाळावा. त्यातला एकही मासा खायला किंवा विकायला नेऊ नये, पाण्याला हात लावू नये, सोबत कुत्रा असेल तर त्यालाही पाणी पिऊ देऊ नये. पाटबंधारे खात्याच्या जवळच्या शाखेला, मत्स्यव्यवसाय कार्यालयाला आणि सांडपाण्याची शंका असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे. कळवताना जागा, वेळ आणि छायाचित्रे द्यावीतच, पण मेलेल्यांत मरळ आहे का हेही पाहून आवर्जून सांगावे. बाकीचे मासे मेले आणि मरळ जिवंत असेल तर पाण्यातला प्राणवायू संपला असण्याची शक्यता मोठी. हवेत श्वास घेणारी मरळही मेली असेल तर पाण्यात काही विषारी मिसळले असण्याचा संशय धरावा लागतो, आणि तपासायला येणाऱ्याने नमुना कशासाठी घ्यायचा हे त्यावर अवलंबून असते.